फरशीसाठी ‘केमिकल’ घ्यावं का? २० किलोच्या पिशवीची पारख

सांगली-मिरजेकडे फरशीच्या कामावर टाइल ॲडेसिव्हला, म्हणजे टाइल चिकटवायच्या पिशवीतल्या तयार मालाला, कुणी ॲडेसिव्ह म्हणत नाही. मिस्त्री ‘केमिकल’ म्हणतो, दुकानदारही तेच म्हणतो. घरमालकापुढे प्रश्न असतो तो एवढाच, की सिमेंट-वाळूवर वर्षानुवर्षं चालत आलेलं काम सोडून या पिशव्यांवर पैसे का घालायचे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. व्हिट्रिफाइड, म्हणजे जवळजवळ पाणी न शोषणारी टाइल बसवायची असेल तर टाइप २ ची पिशवी घ्या (हे टाइप पुढे सांगितलेत), पैसे वसूल होतात. साधी सिरॅमिक टाइल, फूट-सव्वा फुटाची, घरात सावलीला बसवायची असेल तर नीट केलेलं सिमेंट-वाळूचं काम आजही टिकतं. आणि टाइल एकमेकींना आणि भिंतीला घट्ट भिडवून बसवायचं ठरलं असेल, तर आधी ते बदला. त्या चुकीवर कोणत्याही पिशवीत उतारा नाही.

पिशवीत करडं सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळू असतेच. जास्तीचे पैसे जातात ते त्यात थोड्या प्रमाणात मिसळलेल्या दोन पावडरींना. एक पॉलिमरची. ती गुळगुळीत पाठीला धरते आणि वाळलेल्या मालाला किंचित लवचीकपणा देते. दुसरी सेल्युलोज ईथरची, ती पाणी धरून ठेवते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, कोबा, म्हणजे टाइलखालचा सिमेंट-काँक्रीटचा थर, कोरडा ठणठणीत असतो. त्यावर साध्या सिमेंटचा ३ मि.मी. चा थर ओढला तर कोबा त्यातलं पाणी पिऊन टाकतो, सिमेंटला धरायला पाणीच उरत नाही आणि थराची भुकटी होते. पिशवीतल्या मालाचं तसं होत नाही, म्हणून तो पातळ थरात चालतो. सिमेंटच्या कामाला दीड-दोन इंचाचा थर लागतो, त्याचं मूळ कारण हेच.

पिशवी घेताना नावापेक्षा बारीक अक्षरं वाचा. आयएस १५४७७ : २०१९ या भारतीय मानकात पाच प्रकार आहेत. ढोबळमानाने सांगायचं तर टाइप १ घरातल्या सिरॅमिकसाठी, टाइप २ व्हिट्रिफाइडसाठी, टाइप ३ मोठ्या टाइलसाठी, बाहेरच्या कामासाठी आणि जुन्या फरशीवर नवी बसवायला. टाइप ४ काचेच्या मोझेकसारख्या अवघड कामांचा आणि टाइप ५ रेझिनचा, तो साध्या घराला लागत नाही. पुढे ‘टी’ असेल तर माल भिंतीवर घसरत नाही, ‘एस १’ असेल तर तो जास्त लवचीक आहे. काही पिशव्यांवर युरोपीय मानकाचं सी १ किंवा सी २ लिहिलेलं असतं. सी १ म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान ०.५ न्यूटन पकड, सी २ म्हणजे १ न्यूटन, थेट दुप्पट. यातलं काहीच छापलेलं नसेल आणि पुढं फक्त चकचकीत फरशीचा फोटो असेल, तर ती पिशवी दुकानातच राहू द्या.

तयार झाल्याची तारीखही बघा. पावसाळ्यात पिशव्या दुकानाच्या ओल्या फरशीवर थप्पी लावून ठेवलेल्या असतात. पिशवी वरून दाबून पाहायची. बोटांनी न फुटणारे खडे लागले तर ओल आत गेली आहे आणि तेवढं सिमेंट मेलं आहे. टाइप २ ची २० किलोची पिशवी बहुतेक वेळा ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्यापेक्षा महाग पडते, त्यामुळे बदलून मागायला संकोच करू नका.

आता आपल्या टाइलला कोणता माल हवा, हे दुकानातच कळतं. टाइल पालथी करा आणि पाठीवर पाण्याचे चार थेंब सोडा. सिरॅमिकची लाल किंवा पांढरी पाठ ते थेंब बघता बघता पिऊन टाकते, डाग तेवढा राहतो. व्हिट्रिफाइडवर थेंब तसाच उभा राहतो, पाच मिनिटांनी फडक्याने पुसून घेता येतो. फरशीची सिरॅमिक साधारण ३ ते ६ टक्के पाणी शोषते, भिंतीची १० टक्क्यांच्या वर, आणि व्हिट्रिफाइड ०.५ टक्का किंवा त्याहून कमी. सिमेंट टाइलला धरतं ते त्या बारीक छिद्रांत शिरून. छिद्रंच नसतील तर ते नुसतं चिकटून बसतं आणि पहिल्या ताणाला पापुद्र्यासारखं सुटतं. गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या टाइलचा बराचसा माल आता व्हिट्रिफाइड आहे, पण हात आणि पद्धत जुन्या सिरॅमिकचीच राहिली. आजकाल फरशा जास्त सुटतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मोठं कारण इथे आहे.

सुटलेली टाइल हातात घेऊन पाठ नीट बघितली तर बाकीचं ती स्वतःच सांगते. पाठ कोरी स्वच्छ असेल आणि खाली सिमेंटचा गुळगुळीत, टाइलच्या पाठीवरच्या रेघांचा ठसा उमटलेला पापुद्रा असेल, तर माल पकडलाच नाही. एक तर टाइल व्हिट्रिफाइड आणि खाली सिमेंटचा घोळ, किंवा माल पसरून टाइल ठेवेपर्यंत त्यावर साय धरली होती. पाठीवर मधोमध एक आणि कोपऱ्यांत चार असे मालाचे गोळे दिसले आणि मधली जागा रिकामी, तर लेव्हल पटकन मिळावी म्हणून टाइल गोळ्यांवर ठेवली होती. माल पसरायच्या दात्यांच्या थापीने पडलेल्या उभ्या रेघा न चेपता तशाच ताठ राहिलेल्या दिसल्या, तर टाइल ठोकलीच नाही. आणि पाठीला माल घट्ट आहे पण तो खालून कोब्याची धूळ घेऊन उठलाय, तर कोबाच कच्चा किंवा धुळीने माखलेला होता. अजून एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पाठीवर पांढरी पावडर असते. टाइल भट्टीतल्या रुळांना चिकटू नये म्हणून कारखान्यात ती लावतात. ओल्या फडक्याने पुसली नाही तर केमिकल त्या पावडरीला चिकटतं, टाइलला नाही. पुसायला टाइलमागे दहा सेकंद लागतात. बिगाऱ्याला हे काम आधीच नेमून द्यावं.

पिशवीचं काम बिघडतं ते बहुधा कालवतानाच. घमेल्यात पावडर ओतून वरून तांब्याने पाणी घालायची सवय मोडावी लागते. बादलीत पाणी आधी, मोजून. २० किलोला साधारण ५ लिटर, नेमका आकडा पिशवीवर असतो. त्यात पावडर थोडी थोडी सोडत ड्रिलला लावलेल्या दांड्याने कमी वेगावर फिरवायचं. गुठळ्या मोडल्या की ५ ते १० मिनिटं तसंच ठेवायचं, मग पाणी न घालता पुन्हा एकदा फिरवायचं. मधल्या विश्रांतीत पावडरी विरघळतात. ती वगळली तर माल आधी पातळ वाटतो, मिस्त्री आणखी पावडर टाकतो आणि दहा मिनिटांनी सगळं घट्ट होऊन बसतं. बादलीतला माल आवळायला लागला की त्यात पाणी घालून पुन्हा नरम करणं ही सर्रास होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. धरू लागलेलं सिमेंट मोडतं आणि पकड निम्म्याहून खाली येऊ शकते. उन्हाळ्यात अर्धी पिशवीच कालवा. पाणी पिण्याच्या योग्यतेचं घ्या. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी मचूळ असतं, ते वापरलं की पुढे सांध्यांतून पांढरं मीठ फुटत राहतं.

पसरलेल्या मालाला उघड्यावर साधारण २० मिनिटं असतात, मे महिन्यात पंखा सुरू असेल तर त्याहून कमी. पारख बोटाने करायची. रेघेला बोट लावलं आणि बोटावर माल आला तर टाइल ठेवा. बोट कोरडं निघालं तर साय धरली, तो माल खरवडून टाकून द्या. त्यावर पाणी शिंपडून टाइल ठेवणं म्हणजे ती सुटण्याची तारीख ठरवणं. म्हणून एका वेळी दोन-तीन टाइलपुरताच माल पसरावा.

थापीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिच्यावर कुणी पैसे घालत नाही. १ बाय १ फुटाच्या टाइलला ६ मि.मी. दात्यांची थापी पुरते. २ बाय २ ला १० मि.मी. ची घ्या आणि टाइलच्या पाठीलाही सपाट बाजूने मालाचा पातळ हात द्या. रेघा एकाच दिशेने, सरळ ओढायच्या. गोल गोल फिरवलेल्या रेघांत हवा कोंडते आणि टाइल कितीही ठोकली तरी बाहेर पडत नाही. टाइल ठेवल्यावर रेघांच्या आडव्या दिशेने थोडी मागे-पुढे सरकवायची, मग रबरी हातोडा. पहिली टाइल बसवली की लगेच उचलून पाहा. घरात पाठीचा किमान ८० टक्के भाग मालाने भरलेला हवा, बाथरूम, गॅलरी आणि गच्चीवर ९५ टक्के, आणि चारही कोपरे भरलेलेच हवेत. पुढेही दर तासा-दोन तासाला एक टाइल उचलायला लावा. मिस्त्रीला चौरस फुटावर मजुरी मिळते, उचललेली टाइल त्याला तोट्याची वाटणारच. म्हणून हे काम सुरू होण्याआधी बोलून ठरवलेलं बरं, मधेच टोकलं तर वाद होतो.

इथपर्यंत सगळं पिशवीच्या बाजूचं. तिला जमत नाही ते आता.

भर दुपारी किंवा पहाटे मोठा आवाज होतो आणि हॉलच्या मधोमध दोन ओळी तंबूसारख्या वर उचलल्या जातात. कोयनेच्या धक्क्यांची सवय असलेल्या आपल्या भागात आधी भूकंपाचाच संशय येतो. घडतं ते असं. नवा काँक्रीट-कोबा वाळताना मीटरमागे सुमारे ०.३ ते ०.५ मि.मी. आकसतो, आणि हे आकसणं महिनोन् महिने चालू राहतं. ६ मीटरच्या हॉलमध्ये हे २ ते ३ मि.मी. झालं. टाइल आकसत नाही, उलट शोषक सिरॅमिक दमट हवेत वर्षानुवर्षं किंचित फुगते. खालचा आधार आखडतोय, वरची टाइल तेवढीच आहे, आणि चारही बाजूंना भिंत. टाइल एकमेकींना रेटत राहतात. जिथे पाठ पोकळ आहे तिथे त्या सुटून वर येतात. चांगलं केमिकल हा रेटा काही काळ पेलतं, पण मोकळ्या फटीचं काम ते करू शकत नाही. रेट्याला जायला जागाच लागते.

ती जागा स्वस्तात मिळते. भिंतीलगत सगळीकडे ८ ते १० मि.मी. फट सोडायची. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते, दिसत नाही. फटीत सिमेंट, वाळू, माल काहीही पडू द्यायचं नाही, आणि शेवटी झाडून रिकामी करायची. खांबांभोवतीही तसंच. स्कर्टिंग बसवताना तिचा माल खाली फटीत उतरतो आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून आधी फटीत थर्माकोलची किंवा फोमची पट्टी घालून ठेवावी. दोन टाइलमध्ये सारखी फट राखणारे प्लास्टिकचे स्पेसर लावा, २ बाय २ ला २ ते ३ मि.मी. चे. ‘जॉइंट दिसायला नको’ हा घरमालकाचा हट्ट असतो, आणि त्याच हट्टापायी फरशा उचलतात, हे स्पष्ट सांगायला हवं. ६ ते ७ मीटरपेक्षा लांब सलग फरशी असेल तर मधे एक सांधा सिमेंटच्या ग्राउटऐवजी (सांधे भरायच्या नेहमीच्या मालाऐवजी) टाइलच्या रंगाच्या पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सिलिकॉन सीलंटने भरा. दरवाजाच्या पट्टीखाली तो बेमालूम लपतो. खाली कोब्यात जिथे आधीच सांधा आहे, तिथे वरही तो आलाच पाहिजे.

गच्चीवर हिशोब आणखी कडक. उन्हात गडद टाइल दुपारी हात ठेववत नाही इतकी तापते आणि रात्री थंड होते. ४० अंशांचा फरक धरला तर ६ मीटरमध्ये टाइल दीड मि.मी. च्या आसपास लांबते-आखडते, रोज. तिथे टाइप ३ आणि एस १, फिकट रंगाची टाइल, आणि दर ३ मीटरला दोन्ही दिशांनी सीलंटचा सांधा. उतार पुरेसा नसेल तर पाणी सांध्यांतून खाली मुरून साचतं. मग माल कितीही भारी असो.

कोब्याचं वय हा दुसरा मुद्दा. किमान २८ दिवस झाल्याशिवाय त्यावर टाइल नको, जितका जुना तितका बरा. वास्तुशांतीची तारीख धरून आठवड्याच्या कोब्यावर फरशी पडते आणि वर्ष-दोन वर्षांत पोकळ वाजू लागते. २ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी टाकून पाहा. खाली ३ मि.मी. पेक्षा जास्त खळगा दिसला तर तो आधी भरून घ्या. केमिकलच्या जाड थराने लेव्हल काढायची नसते. जाड थर असमान आकसतो, शिवाय पिशव्या दुप्पट लागतात.

तळमजल्यासाठी खास सांगलीची गोष्ट म्हणजे काळी जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याच्या भरावात हीच माती टाकली असेल तर कोबा वर-खाली होतो आणि टाइल त्याच्याबरोबर तुटते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली राहिलेल्या भागांत भराव बसून खालची जमीन पोकळ झालेली असू शकते. पूर ओसरल्यावर फक्त वरच्या टाइल बदलल्या तर पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा होतं. अशा घरात पिशवीआधी पैसे भरावावर घाला. काळी माती काढून मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस करून, वर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट. तो कागद खालची ओल आणि क्षार वर येऊ देत नाही. घट्ट झालेलं सिमेंटचं केमिकल पाण्यात विरघळत नाही, त्याची भीती नको. पण बादलीत तयार मलमासारखा मिळणारा, पाणी न घालता वापरायचा माल सतत ओलीत नरम पडतो, तो फरशीला वापरूच नका.

खर्चाचा अंदाज बांधायला १० बाय १२ ची खोली घ्या, १२० चौ. फूट. २ बाय २ च्या टाइल, १० मि.मी. दात्यांची थापी आणि पाठीला हात धरून २० किलोची पिशवी ३० ते ३५ चौ. फूट जाते, म्हणजे चार पिशव्या. पिशवीवर ५०-५५ चौ. फूट लिहिलेलं असतं ते ३ मि.मी. च्या थराचं, लहान टाइलचं. त्या आकड्यावर माल आणला की शेवटच्या दिवशी मिस्त्री थर पातळ करतो. २ किलो ग्राउट, एक पाकीट स्पेसर, एक सीलंटची नळी. ग्राउट २४ तासांनी भरा, त्याआधी फरशीवर पाय नको, आणि कपाट-फ्रिज किमान आठवडाभर ठेवू नका. कामाच्या वर ५ टक्के टाइल त्याच बॅचच्या जपून ठेवा. नंतर ती छटा मिळत नाही.

फरशी आधीच पोकळ वाजत असेल तर नाण्याने किंवा सळईच्या टोकाने ठोकत जा आणि खडूने खुणा करा. मधोमध थोडीशी पोकळ, सांधा शाबूत, वर कपाट नाही: राहू द्या. कोपरा पोकळ असेल तर ती टाइल तुटणार, बदला. सांध्यात भोक पाडून रेझिन सोडायची सोय आहे, पण ती चार-दोन टाइलपुरती, आणि खाली धूळ असेल तर रेझिन धुळीलाच धरतं. ओळ तंबूसारखी उठली असेल तर ती पुन्हा ठोकून खाली बसवू नका, सांध्यांत पांढरं सिमेंटही भरू नका. आधी स्कर्टिंग काढून भिंतीलगतची टाइल कटरने १० मि.मी. कापून फट मोकळी करा. रेटा गेला की उठलेल्या ओळी काढा, कोबा आणि टाइलची पाठ ग्राइंडरने खरवडून धूळ पुसा, आणि मग टाइप २ च्या ताज्या मालावर बसवा. फट न काढता नुसत्या उठलेल्या ओळी बदलल्या, तर शेजारच्या ओळी उठतात.